नववी फाईल

देवाप्पा हावळांनी चहाचा दुसरा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"तेजू, चहात काय पडलंय गं?"

तेजस्विनी, त्यांची सून, ओट्यापाशी डबे भरत होती. तिनं वळून पाहिलं. कपाच्या तळाला करडा गाळ बसला होता. देवाप्पांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. इचलकरंजीत पंचेचाळीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केलेला माणूस. तेल, काजळी, गंज सगळं बोटांनी ओळखायचा.

"राख हाय. अंगारा."

"मामा, शपथ, मी नाही टाकला!"

ती खरंच बोलत होती. घरातला देव्हारा तिचा, अंगाऱ्याची पुडी तिची, मंगळवारचा उपास तिचा. पण सासरा देव मानत नाही म्हणून तिनं कधी त्याच्या ताटात की कपात काही ढकललं नव्हतं. आणि देवाप्पांनीही कधी तिच्या देवाला नाक मुरडलं नव्हतं. सकाळी फिरून येताना तिच्या पूजेसाठी जास्वंद तेच आणायचे. "देव तुझा, मला काय त्याचं. पण फूल शिळं नको," म्हणायचे.

दाराच्या आडून हुंदका आला. बारा वर्षांची पर्णिका, शाळेच्या गणवेशात, एक वेणी घातलेली, एक मोकळी.

"पर्णी, इकडं ये. तू टाकलीस?"

"व्हय."

"कशापायी?"

"आज्जा, तुमच्या आत काहीच न्हाई," ती म्हणाली आणि मोठ्यानं रडायलाच लागली. "मी बघितलंय. अंधारसुदिक न्हाई. तुम्ही असं कसं ऱ्हाता हो त्यात? एकटंच?"

देवाप्पांनी नातीची मोकळी वेणी हातात घेतली आणि वेडीवाकडी घालून दिली. मग अंगाऱ्याचा तो चहा तळापर्यंत पिऊन टाकला, कारण पोर बघत होती.

हे पोरीच्या डोक्यात कुणी घातलं? शाळेनं. आणि शाळेत ते घालणारी बाई कोण? तिची स्वतःची आई.

तेजस्विनी सातवीला धर्म-परिचय शिकवायची. हा विषय चार वर्षांपूर्वी राज्यानं सक्तीचा केला. कल्पना चांगली होती, हे आधीच कबूल करतो. पोरांनी शेजाऱ्याचा धर्म नुसता पाठ करू नये, शेजारी प्रार्थनेला बसतो तेव्हा त्याला आतून कसं वाटतं ते पोरांना कळावं. पुस्तकानं ते जमत नव्हतं. मग यंत्र आलं.

यंत्र म्हणजे एक कानात अडकवायची कडी आणि एक छातीचा पट्टा. आपल्या मेंदूतून एक लांबच लांब नस निघते, ती गळ्यातून छातीत आणि पोटात उतरते. हृदय, श्वास, आतडी, सगळ्यांची खबर ती वर पोचवते. तिचा एक बारका फाटा कानाच्या वाटीत येतो. तिथं वीज अगदी हलकी, मुंगी चालल्यासारखी सोडली, की शरीराचा ताल बदलतो. श्वास लांबतो, पोट सैल पडतं किंवा आवळतं. छातीच्या पट्ट्यात एक छोटी मोटर असते, ती दुसऱ्याच्या हृदयाचा ठोका तुमच्या छातीवर वाजवते. विचार इकडचे तिकडे जात नाहीत. कुणाचा देव कुणाला दिसत नाही. नुसतं शरीर बदलतं, आणि मन मागून येऊन त्याचा अर्थ लावतं. पाच मिनिटांचा खेळ.

एका धर्मासाठी चारशे भाविकांचे नमुने घेतले. त्यांची सरासरी काढली आणि एक फाईल केली. अशा आठ फायली. सरासरीत काय होतं, तर चारशे घरची आमटी एका पातेल्यात ओतल्यासारखं होतं. कुणाची तिखट, कुणाची खारट, सगळं बुडालं. चारशेंत कुणाचा श्वास अडखळत असेल, कुणाचा ठोका चुकत असेल, तोही बुडाला. उरलं ते कोमट. तेजस्विनीच्या वर्गातल्या पोरांनी पहिल्याच महिन्यात ते ओळखलं.

"बाई, शीख आणि पारशी सेम टू सेम आहे."

"बाई, मला सगळ्याच धर्मांत झोप येते."

"तू गणितात पण झोपतोस," पर्णिका म्हणाली होती.

फायली कोणी निवडल्या? मंडळानं. मंडळावर सतरा जण होते. आठ धर्मांचे दोन-दोन आणि एक अध्यक्ष. डोंगरातल्या देवांची आदिवासी माणसं बोलवावीत हे कुणाच्या मनातही आलं नाही. कुठलाच धर्म न मानणाऱ्यांचा विषय निघाला, पण त्यांचा मठ नाही, ट्रस्ट नाही, लेटरहेड नाही, निमंत्रण पाठवायचं कुठल्या पत्त्यावर? विषय संपला. मग कुणीतरी कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, त्यांनाही जागा द्या. मंडळानं जागा दिली. रिकामी.

म्हणजे अक्षरशः रिकामी. नमुना घ्यायचा तो प्रार्थनेच्या वेळी, असा नियम. हे लोक प्रार्थना करत नाहीत. म्हणजे नमुना शून्य. नवव्या फाईलमध्ये पाच मिनिटं सगळे आकडे शून्य भरून दिले आणि वर नाव लिहिलं, 'निधर्मी'.

आता, शून्य म्हणजे शांतता असं सतरा शहाण्यांना वाटलं असेल. शरीराला ते तसं वाटत नाही. यंत्र शून्याकडे ओढायला लागलं की ती नस गप्प पडते. पोटाकडून, छातीकडून काहीच खबर येत नाही. आपण आहोत की नाही तेच कळेनासं होतं. वर्गात पाच पोरं रडली. एकीनं कडी उपटून फेकली. तेजस्विनीनं फाईल बंद केली आणि हजेरीच्या वहीत 'तांत्रिक अडचण' असं लिहून पुढचा धडा घेतला.

पर्णिकानं मात्र पाचही मिनिटं पूर्ण केली होती. तिला बघायचंच होतं. तिच्या घरात तसला एक माणूस होता, आणि जगात तो तिला सगळ्यांत जास्त आवडायचा.

---

संध्याकाळी देवाप्पा गच्चीवर चढले. मधल्या पायरीवर बसावं लागलं. हल्ली जिना चढताना डोळ्यांपुढं काळं यायचं. "पित्त," म्हणायचे आणि आल्याचा तुकडा चघळायचे. तेजस्विनी सुकलेले कपडे काढत होती.

"पोरगीनं सोमवार धरलाय, माहीत हाय तुला?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मला सोबत मिळावी म्हणून. माझ्या आत." ते हसले, पण ते हसणं काही धड जमलं नाही. "रियाजच्या कारखान्यातबी येईना. गेला महिनाभर. 'तुम्ही दमाल आज्जा' म्हणती आन् शेजारी बसून हात धरती. मयताला आल्यासारखी."

रियाज मोमीन हे त्यांचे जुने दोस्त. गल्लीतले बाकी सगळे जुने माग भंगारात गेले, नवे सुरतेला लागले. तेजस्विनीचा नवराही तिकडंच त्या नव्या मागांवर होता, महिन्यातून एकदा यायचा. रियाजभाईंनी मात्र हट्टानं बारा जुने माग ठेवले होते, पंचे विणायला. तिथं देवाप्पा आणि पर्णिकाचा एक खेळ होता. बारा माग एकदम धडधडत असताना डोळे मिटून उभं राहायचं आणि आवाजावरून सांगायचं, आजारी माग कुठला. नऊ वर्षांची असल्यापासून पोर पाचातले तीन बरोबर सांगायची.

"मामा, चूक माझी आहे. मी ती फाईल लावायलाच नको होती."

"तू नोकर माणूस. लाव म्हटलं, लावलीस." देवाप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आयुष्यात लई शिव्या खाल्ल्या मी तेजू. बापानं घराभाईर काढलं, मी त्याचं दहावं केलं न्हाई म्हणून भावकीनं पाणी तोडलं. ते सगळं चाललं. शिवी दिली की उलटी देता येती. पण पोरगी कीव करालीय गं माझी. तिला काय उलटं देऊ?"

तेजस्विनीनं हातातले कपडे कठड्यावर ठेवले.

"ते यंत्र नमुनाबी घेतंय न्हवं?"

"शाळेकडं नमुना-पेटी आहे. स्थानिक भाविकांचे नमुने पाठवा म्हणून दिलीय."

"आण मग. माझा घे. काय हाय ते हाय. एकदा बघू दे तिला."

---

रविवारी दुपारी देवाप्पा छातीला पट्टा, कपाळाला पट्टी बांधून खुर्चीत बसले. पेटीवर लाल दिवा. यंत्राला प्रार्थना सापडली की दिवा हिरवा होणार आणि नोंद सुरू होणार.

पेटीतून बाईचा गोड आवाज आला, "कृपया आपल्या आराध्याचे स्मरण करा."

"कुणाचं?"

"कृपया आपल्या आराध्याचे स्मरण करा."

"हिला सांग, आराध्य न्हाई. दुसरं काय चालंल का इचार."

तेजस्विनीनं यादी उघडली. मूर्ती, मंत्र, ग्रंथ, गुरू, निसर्ग. तिनं निसर्ग दाबलं. समोरच्या पडद्यावर समुद्र आला. लाटा, सूर्य, बासरी. देवाप्पांनी तीन मिनिटं इमानदारीनं बघितलं.

"प्रार्थना आढळली नाही," गोड बाई म्हणाली.

"बरं झालं बाई, खरं बोललीस."

मग तेजस्विनीनं सासूबाईंचा फोटो आणून दिला. देवाप्पांनी तो मांडीवर धरला. ओठ हलले, डोळे भरले. दिवा लालच. "आठवण आणि प्रार्थना यांत गल्लत करू नका," असं पडद्यावर आलं.

"हिचं लग्न झालं न्हाई वाटतं," देवाप्पा म्हणाले आणि डोळे पुसत हसले. "पार्वती असती तर मला ह्या पट्ट्यात बघून पोट धरून लोळली असती. सोड तेजू. चल, रियाजच्यात जाऊन येऊ. पट्टा ऱ्हाऊ दे, आल्यावर काढ. कंबर सरळ ऱ्हातीय जरा."

तेजस्विनीनं पेटी तशीच हातात घेतली. पर्णिकाला हाक मारली, तर ती घरात नव्हती. महादेवाच्या देवळात गेली होती. अकरा प्रदक्षिणांचा नेम धरला होता तिनं. कुणासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

कारखान्यात शिरल्यावर कानावर एकदम भिंत कोसळावी तसा आवाज. खटॅक-खट, खटॅक-खट, बारा वेळा, बारा तालांत. रियाजभाई पांढऱ्या दाढीवर उडालेला कापूस झटकत आले आणि देवाप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले,

"क्या रे देवा, कुस्ती मारलीस काय? पट्टा कसला हा?"

"सरकारला बघायचंय माझ्या आत काय हाय!"

"मला इचारायचं की! पन्नास वर्षं बघालोय. नुसती तंबाखू हाय!"

"तुझी दुवा कुठं गेली मग? रोज मागतोस न्हवं माझ्यासाठी?"

"तिला जागाच घावंना तंबाखूतनं..."

देवाप्पा हसत हसत मध्येच थांबले. तोंड अर्धं उघडं. डोळे मिटले.

रियाजभाईंनी तेजस्विनीच्या दंडाला हात लावला आणि बोट ओठांवर ठेवलं. त्यांना हे माहीत होतं. त्यांनी हे हजारदा पाहिलं होतं.

देवाप्पा चालायला लागले. डोळे जवळजवळ मिटलेलेच. पहिल्या रांगेतून, दुसऱ्या रांगेतून. नवव्या मागापाशी मान किंचित वळली, पुढं गेले. अकराव्यापाशी थांबले. मागाच्या लोखंडी चौकटीवर तळहात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि नुसते उभे राहिले. चेहऱ्यावर ना हसू, ना चिंता. सगळा माणूस कान झाला होता.

तेजस्विनीच्या हातातल्या पेटीवरचा दिवा हिरवा झाला.

ती श्वास रोखून उभी राहिली. एक मिनिट. तीन. पाच. देवाप्पांनी डोळे उघडले आणि दोन बोटं वर केली. जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याची, ती खूण असते, माग थांबव. रियाजभाईंनी अकरावा बंद केला. देवाप्पा वाकले, आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्याला फटका देणाऱ्या दांड्याचा चामडी पट्टा चाचपला, दोन भोकं आवळला. माग सुरू झाला. त्यांनी पुन्हा ऐकलं, मान हलवली आणि खिशातून तंबाखूची डबी काढली. दिवा लाल झाला.

"धोटा उशिरा पोचत हुता," ते रियाजभाईंना म्हणाले. "उद्या सूत तोडलं असतं त्यानं."

---

मंगळवारी मंडळाचे जिल्हा समन्वयक बोधे सर स्वतः पडद्यावर आले. सभ्य माणूस. बोलणं मऊ.

"मॅडम, नमुना अप्रतिम आहे. इतकी एकाग्रता आमच्या बत्तीसशे नमुन्यांत कुणाची नाही. कोण आहेत हे?"

"माझे सासरे. ते कुठलाच धर्म मानत नाहीत. हा नमुना नवव्या फाईलसाठी पाठवलाय."

"नवव्यात नाही घालता येणार. नववीची व्याख्या काय? ज्यांच्यात प्रार्थना आढळत नाही ते. इथं तर आढळलीय. दिवा हिरवा झालाय."

"सर, ते माग ऐकत होते. यंत्रमाग."

"असेल. पण हिरवं म्हणजे श्रद्धा. श्रद्धा म्हणजे धर्म. आणि धर्म आठच आहेत. आपण हिंदूमध्ये घेऊ. उपप्रकार, कर्मयोग. चारशेंच्या सरासरीत मिसळून जाईल. त्यांचं नाव काय म्हणालात?"

"देवाप्पा."

"बघा!" बोधे सर खरोखर आनंदानं म्हणाले. "नावातच आहे."

तेजस्विनीनं हे घरी सांगितलं तेव्हा देवाप्पा आधी खो खो हसले. मग हळूहळू हसणं विरलं.

"म्हंजे आत काय घावलं तर ते त्यांचं," ते म्हणाले, "आन् काय न्हाई घावलं, तर ते माझं."

"मामा, मी देव मानते. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय की."

"म्हणूनच मला जास्त चीड आलीय. माझी श्रद्धा मोठी दाखवायला तुम्हाला पोकळ दाखवायची काय गरज होती? आणि आता पोकळ नाही म्हटल्यावर तुम्हाला उचलूनच नेतायत." तिचा आवाज चढला. "उद्या वर्गात मी तुमचीच फाईल लावणार. कच्ची. सरासरी न काढलेली."

"नियमात बसतंय?"

"नाही."

"नोकरी?"

"नोटीस येईल. फार तर बदली."

देवाप्पांनी बराच वेळ सुपारी कातरली. "पर्णीला पहिल्यांदा दे," एवढंच म्हणाले.

बुधवारी सकाळी देव्हाऱ्यापुढं ताजी जास्वंद होती. नेहमीसारखी. तेजस्विनीनं निरांजन लावलं, हात जोडले, आणि काही न मागता उठली.

---

तिसरा तास. बत्तीस पोरं.

"आज नववी फाईल पुन्हा," तेजस्विनी म्हणाली. वर्गात कुरकुर झाली. दोघी मागं सरकल्या. "ती जुनी नाही. जुनी खोटी होती. मी तुम्हाला खोटं दाखवलं, माझं चुकलं. ही एका खऱ्या माणसाची आहे. एकाच माणसाची. त्याची सरासरी काढलेली नाही, म्हणून जपून. ज्याला नको त्यानं लावू नका."

पर्णिका उठून पुढं आली. तिनं आईकडं पाहिलं. कुणाची, ते तिला कळलं होतं. तिनं कडी कानात अडकवली आणि छातीचा पट्टा आवळला.

पहिल्या मिनिटाला तिनं बाकाची कड घट्ट धरून ठेवली होती, बुडताना धरावी तशी. दुसऱ्या मिनिटाला पकड सुटली. तिसऱ्याला तिनं डोळे मिटले आणि मान एका बाजूला कलली. तेजस्विनीला ती मान ओळखीची होती. पाच मिनिटं झाली तेव्हा पोरीच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"काय वाटलं?" कुणीतरी विचारलं.

"भरलेलं," पर्णिका म्हणाली. "गच्च भरलेलं. जागाच न्हाई कशाला."

मग सगळ्यांनाच पाहिजे झालं. बत्तीस कड्या एकदम लागल्या.

"बाई, कॅच वर उडालेला असतो आणि खाली यायचा असतो, तेव्हा असं होतं!"

"बाई, माझी आई शेवया करताना अशीच असते. हाक मारली तरी ओ देत नाही."

"बाई, ह्यात झोप येत नाही!"

"मग हे प्रार्थना आहे का नाही?" पुढच्या बाकावरच्या अल्फियानं विचारलं. आठ फायली संपवलेला वर्ग बाईंकडे बघत होता.

"मला माहीत नाही," तेजस्विनी म्हणाली. "ज्यांचं आहे ते 'नाही' म्हणतात. मग आपण 'आहे' म्हणायचं नाही."

या गडबडीत पर्णिकानं दुसऱ्यांदा लावलं होतं. मग तिसऱ्यांदा. आता ती हसत नव्हती. कानातली कडी तिनं काढून टाकली होती, नुसता छातीचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला होता. डोळे मिटलेले, कपाळाला आठी. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार, पाच...

वर्गात ती तेजस्विनीला बाई म्हणायची. घरचा नियम होता, तिनं तो कधी मोडला नव्हता.

"आई," ती म्हणाली. "आई, माग आजारी हाय."

---

मुख्याध्यापिकांना दोन वाक्यांत सांगून मायलेकी रिक्षात बसल्या. फोन लावला तर नुसती खटॅक-खट ऐकू आली, म्हणजे देवाप्पा कुठं होते ते कळलं.

कारखान्यात ते रियाजभाईंशेजारी बाकड्यावर बसून शेंगा खात होते. पर्णिका धावत आली, ती त्यांच्यापाशी न थांबता मध्यभागी जाऊन उभी राहिली आणि रियाजभाईंकडे तोंड करून दोन बोटं वर केली.

"कुठला?" रियाजभाई ओरडले.

तिनं दोन्ही हात पसरले. सगळे.

पन्नास वर्षांत रियाजभाईंनी सगळे माग भरदिवसा एकदम बंद केले होते ते दोनदाच, त्यांची अम्मी गेली तेव्हा आणि पूर आला तेव्हा. त्यांनी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि जाऊन मुख्य खटका ओढला.

बारा माग एकामागोमाग निवले. इतकी शांतता झाली की हवेत कापूस तरंगायचाही आवाज यावा. पर्णिका आज्जाच्या समोर गुडघ्यांवर बसली, सदऱ्याची दोन बटणं काढली आणि छातीवर कान ठेवला.

देवाप्पा काही बोलायला गेले. "गप ऱ्हावा," ती म्हणाली. ते गप राहिले.

तिचा एक तळहात त्यांच्या बरगडीवर होता. सपाट. मागाच्या चौकटीवर ठेवतात तसा.

"आज्जा," ती कान न उचलता म्हणाली, "चार ठोके बरोबर हायत. पाचवा उशिरा येतोय. सहाव्याला धोटा येतच न्हाई. मग पुन्हा पहिल्यापासनं."

देवाप्पांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकलं होतं. पुष्कळ वेळ मोजत राहिले. मग त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरोबर वळखलंस," ते म्हणाले. "मला न्हाई घावलं."

रियाजभाईंनी शेंगांचा कागद बाजूला सारला आणि चप्पल शोधायला लागले. "चल देवा. ऊठ. डॉक्टरकडं. पित्त म्हणे पित्त!"

---

डॉक्टरांनी आलेख काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत उशिरा पोचत होता आणि दर सहाव्या ठोक्याला पोचतच नव्हता. आणखी काही दिवसांनी एखाद्या जिन्यावर सगळंच थांबलं असतं, असं ते म्हणाले. हे आधी कुणी ओळखलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिघांनीही पर्णिकाकडं बोट दाखवलं, आणि डॉक्टरांना ती चेष्टा वाटली.

दाखल करताना खिडकीतल्या बाईनं फॉर्म पुढं ओढला. "धर्म?"

"न्हाई," देवाप्पा म्हणाले.

"असं रिकामं सोडता येत नाही, आजोबा."

"रिकामं कुठं सोडालोय? 'न्हाई' लिवा की. अक्षरं हायत ती."

बाईनं लिहिलं. पर्णिकानं खिडकीतून वाकून, नीट लिहिलंय ना ते तपासलं.

छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ते दर ठोक्यावर नजर ठेवतं आणि एखादा आला नाही तर स्वतः एक देतं. रियाजभाई नमाज पढून थेट दवाखान्यात आले आणि म्हणाले की तंबाखू बंद झाल्यामुळं आता दुवेला आत जागा झाली. तेजस्विनीनं देव्हाऱ्यापुढं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा सासऱ्याला दिला. त्यांनी तो आवडीनं खाल्ला, खोबरं म्हणून.

नोटीस आली. नियमबाह्य नमुना वर्गात का वापरला, याचा लेखी खुलासा मागितला होता. तेजस्विनीनं एक पान लिहिलं. शेवटी लिहिलं की नवव्या फाईलमध्ये शून्य भरणाऱ्याचाही खुलासा मंडळानं मागवावा, मग मी माझा पूर्ण देईन. उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान जयसिंगपूरच्या एका शिक्षिकेचा निरोप आला, ती कच्ची फाईल मिळेल का म्हणून. मग कागलहून एकाचा. फाईलला पोरांनी नाव दिलंय, 'आज्जा'. तेच नाव चाललंय.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी चहा पर्णिकानं केला. देवाप्पांनी कप उजेडात धरून तळ बघितला.

"राख?"

"न्हाई. साखरबी न्हाई. डॉक्टरांनी बंद केलीय."

"मग ती राखच बरी हुती."

ती हसली नाही. कप खाली ठेवायला लावला, सदऱ्याची बटणं काढली आणि टाक्यांच्या जागेपासून जरा लांब कान टेकवला. एक तळहात बरगडीवर. देवाप्पा हात मांडीवर ठेवून बसले, जसा एखादा माग बसेल तसे. बाहेर दुधवाल्याची गाडी गेली, ती गेल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"काय म्हणतोय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नवीन माग हाय," पर्णिका म्हणाली. "जुन्यासारखा आवाज न्हाई. पण सूत तुटत न्हाई."

"मग चालू ठेव," देवाप्पा म्हणाले.